बोरी अरबच्या जिनातली घंटी

मी घंटी आहे; पण देवळातली नव्हे आणि बैलाच्या गळ्यातलीही नव्हे. मला कोणी दोरीनं ओढत नाही की हातानं हलवत नाही. दूर कुठंतरी कुणाचं बोट एका बटनावर टेकतं आणि इकडं मी कर्कश ओरडायला लागते. माझ्या जातीला विजेची घंटी म्हणतात. आवाज गोड नाही, हे मला ठाऊक आहे. गोड असणं हे माझं कामच नाही.

मुंबईच्या एका बोळातल्या लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी पाटीवर घोड्याच्या नालासारखा वाकवलेला लोखंडाचा तुकडा बसवला आणि त्याच्या दोन्ही पायांवर तांब्याची बारीक तार वेढ्यावर वेढे देऊन गुंडाळली. त्याच्यासमोर एक लवचीक लोखंडी पट्टी, पट्टीच्या टोकाला वाटाण्याएवढा हातोडा, हातोड्याशेजारी पितळेची वाटी, आणि पट्टीच्या पाठीला टेकलेला एक स्क्रू. झालं. एवढाच माझा संसार.

पण या संसारातली गंमत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तारेतून वीज वाहू लागली की तो नाल लोहचुंबक होतो. चुंबक झाला की पट्टीला आपल्याकडं खेचतो आणि हातोडा वाटीवर बसतो, टण्! पण पट्टी खेचली गेली की ती स्क्रूपासून सुटते, आणि विजेची वाट तर त्या स्क्रूमधूनच जाते. वाट तुटली, वीज थांबली, चुंबकाचं पुन्हा साधं लोखंड झालं. पट्टी उसळून मागं येते, स्क्रूला टेकते, वाट जुळते, आणि पुन्हा टण्! हे सगळं इतक्या झपाट्यानं चालतं की तुम्हाला नुसती टर्रर्र ऐकू येते. माझी वाट मीच तोडते आणि मीच जोडते. दुसऱ्या कुणाला जमतं का सांगा.

छपन्न साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मी मुंबईहून विदर्भात आले. बोरी अरब गावाबाहेर कापसाचं एक जीन, म्हणजे जिनिंगचा कारखाना, होतं. त्याच्या शेठजींना नव्या वस्तूंची भारी हौस. त्यांनी मला मागवलं, आपल्या कचेरीच्या ओसरीत चपराश्याच्या डोक्यावर टांगलं आणि बटन स्वतःच्या टेबलाखाली बसवलं.

गावात तेव्हा विजेचा एक खांब नव्हता. मग माझी वीज यायची कुठून? काचेच्या दोन बरण्यांतून. बरणीत नवसागराचं पाणी, त्यात एका बाजूला जस्ताची कांडी आणि मधे कोळशाची वडी. याला सेल म्हणायचं. त्या पाण्यात जस्त हळूहळू झिजतं आणि झिजता झिजता वीज देतं. कोळशापासून निघालेली तार बटनातून माझ्यापर्यंत यायची आणि माझ्यापासून दुसरी तार परत जस्ताकडं जायची. गेलेल्या विजेला घरी परतायची वाट लागतेच. अर्ध्या वाटेवर सोडलीत तर ती निघतच नाही. वाट पुरी झाली पाहिजे, तरच काम.

आणि माझं काम काय, तर चहा. शेठजींचं बोट टेकलं की मी वाजायची, चपराशी धावायचा, चहा यायचा. कधी पान, कधी तंबाखू. शेठजी माणूस वाईट नव्हते, पण मला मनातून वाटायचं, एवढी कारागिरी अंगात घेऊन आपण जन्मलो ते यासाठी का?

कचेरीच्या समोरच जिनाची लांबलचक इमारत होती. आत रेच्यांची रांग. कापसातून सरकी वेगळी काढणारं जे यंत्र, त्याला इकडं रेचा म्हणतात. प्रत्येक रेच्यापुढं एकेक बाई बसून दोन्ही हातांनी कापूस चारायची. खालून एक लांब लोखंडी लाट, म्हणजे जाड गोल दांडा, फिरायची आणि तिच्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक रेच्यावर चढलेले. ही लाट फिरवणारं तेलाचं इंजिन मात्र भिंतीपलीकडं, वेगळ्या खोलीत. त्या खोलीचं दार इमारतीच्या मागच्या अंगाला. आतल्या कुणाला इंजिनवाल्याला गाठायचं तर सगळ्या इमारतीला वळसा घालून जावं लागे. हाक मारायची म्हणाल, तर रेच्यांच्या खडखडाटात शेजारणीचा शब्द शेजारणीला कळत नव्हता.

त्या बायांत हंसाबाई होती. बोरीजवळच्या तांड्यातली बंजारा बाई. तिचा आजेसासरा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेला. आता घरी थोडी शेती होती आणि कापसाचा हंगाम आला की ती आणि तिची नणंद जमनी पहाटेच तांड्यातून निघून जिनात यायच्या. अंगात आरशांची कांचळी, खाली घेरदार फेटिया, हातात चांदीचं जाड कडं. बोलणं असं की बैलगाडीवाले दोन पावलं मागं सरायचे.

दुसऱ्याच हंगामात ते घडलं. दुपारची वेळ होती. जमनी खाली सांडलेला कापूस उचलायला वाकली आणि तिच्या फेटियाचा घेर पट्ट्यानं धरला. पट्टा काही माणूस नव्हे की ओरडल्यावर सोडील. साऱ्या बाया किंचाळल्या. भिंतीपलीकडं इंजिन आपल्या तालात भक्भक् करत राहिलं. हंसाबाई ऊर फुटेस्तोवर धावत बाहेर आली, कचेरीवरून गेली, इमारतीला वळसा घालून इंजिनखोलीत शिरली. ओसरीतून मी तिला धावताना पाहिलं. इंजिन थांबेपर्यंत जमनीचा पाय गुडघ्याखाली चिरडला होता.

जमनी जगली. यवतमाळच्या दवाखान्यातून काही महिन्यांनी परत आली ती लंगडत. शेठजींनी तिला अंगणात कापसातला कचरा निवडायचं हलकं काम दिलं. ती त्या इमारतीच्या उंबऱ्यापर्यंत जायची आणि तिथंच थबकायची. आत एक पाऊल टाकत नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी हंसाबाई जमनीच्या मजुरीचं विचारायला कचेरीत आली होती. दिवाणजी तिच्याशी बोलत होते. इतक्यात शेठजींनी टेबलाखाली बोट टेकवलं, मी वाजले, चपराशी धावला. हंसाबाईनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"हे कायनं वाजते?" तिनं विचारलं.

"शेठजीनं बटन दाबलं का वाजते," चपराशी म्हणाला. "तार हाय ना आतून."

हंसाबाई तशीच आत गेली. दिवाणजी मागून "काहून वं, काहून?" म्हणत राहिले.

"शेठजी," ती म्हणाली, "तुमाले चहा पाह्यजे असला का तुमी बोट टेकवता अन् मानूस धावत येते. जमनीच्या वक्ती आमी साऱ्या बाया बोंबलून राह्यलो होतो, कोनाले ऐकू नाही आलं. ही घंटी कोनाले जास्त पाह्यजे, तुमीच सांगा."

शेठजींनी कपातला चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मारोतरावले बोलवा."

मारोतराव म्हणजे इंजिनमिस्त्री. काळासावळा, बुटका माणूस. कानावर अर्धी विडी, धोतराला सदा तेलाचे डाग. शेठजींनी विचारलं, "ही घंटी इंजिनाजवळ लावून बटन तिकडं बायांच्यात देता येईल?"

"येते ना जी," मारोतराव म्हणाले. "तार तेवढी पाह्यजे."

अशी माझी बदली झाली. ओसरी सुटली आणि मी माझ्या बरण्यांसकट इंजिनखोलीच्या भिंतीवर, मिस्त्रीच्या कानाशी आले. शेठजी त्या दिवसापासून चहासाठी घसा ताणून ओरडू लागले. त्या माणसाचं मला कौतुक वाटतं, कारण त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

बसवणं मात्र सोपं गेलं नाही. टिनाच्या छपराखालून, भिंतीच्या कडेकडेनं दोन तारा नेल्या. तांब्याच्या तारा, वरून सुताचं वेष्टण. ज्या कापसासाठी हा सगळा पसारा, त्याच्याच सुताचा अंगरखा माझ्या तारेला! उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या तर वीज मधूनच जवळची वाट धरून परत फिरेल, म्हणून हा अंगरखा.

तारा जोडल्या आणि मिस्त्रीनं बटन दाबायला सांगितलं. मी कशीबशी कण्हले. मला स्वतःचीच लाज वाटली.

"आवाज बसला काय इचा?" हंसाबाईनं विचारलं.

"इचा काही दोष नाही," मारोतराव म्हणाले. "ओसरीत तार हातभर होती. अथी केवढी लांब झाली पाहा. तार जेवढी लांब अन् बारीक, तेवढी विजेले चढन. चढावर गाडी अडली का तुमी काय करता?"

"पुढं आनखी एक जोडी जुंपतो."

"तेच कराचं." त्यांनी आणखी दोन बरण्या आणवल्या आणि एका सेलचं जस्त दुसऱ्याच्या कोळशाला, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, असे सगळे एकामागं एक जुंपले. आता बटन दाबलं तेव्हा मी अशी वाजले की छपरावरची कबुतरं उडाली.

मग दुसऱ्या बटनाचा घोळ. इमारतीला दोन दारं, म्हणून दोन बटनं हवी होती. मिस्त्रीनं दुसरं बसवलं. हंसाबाईनं इकडचं दाबलं. मी गप्प. शेतकरी घरची शकुबाई पलीकडच्या दाराशी होती, तिनं तिकडचं दाबलं. मी गप्पच. दोघींनी चिडून एकदमच दाबलं आणि मी कडाडले!

"म्हंजे मरनाऱ्या बाईनं आधी तिकडच्या बाईले हाक माराची का, तू बी दाब म्हनून?" हंसाबाई ओरडली. बाया खो खो हसल्या.

मारोतरावांनी कपाळावर हात मारला. "अरे लेका! एकाच वाटंवर दोन फाटकं बसवले मी, एकामागं एक. दोनी उघडल्याबिगर गाडी कशी निंघन?" त्यांनी सगळं सोडलं आणि दोन बटनं शेजारी शेजारी, आपापल्या वेगळ्या फाट्यावर जोडली. आता कुठलंही एक फाटक उघडलं तरी वीज निघे. माणूस चुकला तर स्वतःच हसून दुरुस्त करणारा, असा मिस्त्री मला मिळाला हे माझं भाग्य.

पण बाया बटनाला शिवायला तयार नव्हत्या. "वीज धरून ठेवते म्हंतात," शकुबाई म्हणाली. तेव्हा मारोतरावांनी एका सेलच्या दोन्ही तारांची टोकं स्वतःच्या जिभेवर ठेवली. बायांनी डोळे मिटले. मिस्त्री उभेच.

"खारट लागते," ते म्हणाले. "ही बरनीतली वीज हाय, इचा जोर कमी. शहरात खांबावरून जाते तिले मातर कधी हात नोको लावजा. तथी जीव जाते. दोघी बहिनीच, पन एक शेळी अन् एक वाघीन."

हंसाबाईनं पुढं होऊन आपलीही जीभ लावली. तोंड वाकडं केलं, मग हसली. तिच्यामागून एकेक करून साऱ्या आल्या.

त्या दिवसापासून हंसाबाईनं एक रीत पाडली. सकाळी पट्टे चढायच्या आधी ती बटन दाबायची, मी वाजायची, आणि इंजिनाचा मोठा पट्टा जायला भिंतीत जे भगदाड होतं, त्यातून मारोतराव हात बाहेर काढून हलवायचे; मलाही आतलं तिथूनच दिसायचं. मगच बाया रेच्यांपुढं बसायच्या. सेलमधलं पाणी आटलं की तीच भर घालायची. नवसागर विरघळवताना ती दूध नासू नये तशी काळजी घेई.

दोन हंगाम मला एकदाही खरं काम पडलं नाही. लोक म्हणू लागले, रिकामी टांगली आहे. दिवाणजी तर रोज म्हणत. मला त्याचं दुःख नव्हतं.

मग साठ सालच्या हंगामातली ती सकाळ आली. अंगणात कापसाच्या गाड्या दाटीनं उभ्या होत्या, बाजारचा दिवस होता, शेठजी यवतमाळला गेलेले. हंसाबाईनं बटन दाबलं आणि मी वाजले नाही.

तिनं पुन्हा दाबलं. दुसऱ्या दाराचं दाबलं. मी भिंतीवर मुकी. काय सांगू तुम्हाला! बोलायचं असून जीभ टाळूला चिकटावी, तसं झालं.

हंसाबाई बायांना घेऊन बाहेर पडली आणि वळसा घालून इंजिनखोलीच्या दाराशी आली. "आज कोनी रेच्याले हात नोको लावजा," ती म्हणाली.

दिवाणजी धावत आले. "एक दिवस घंटी नाही वाजली तर आभाळ पडते काय? इतक्या गाड्या उभ्या आहेत! दोन वर्सांत कधी कामी आली ती?"

"कामी पडन त्या दिवशी तुमी आमाले आधी सांगून ठेवसान का?" हंसाबाई म्हणाली. "वाजन तवा बसू."

"उद्यापासून तुझं काम बंद!"

"बंद त बंद."

तिचा आवाज चढा होता, पण मला दारातून तिचे हात दिसत होते. फेटियाचा काठ तिनं मुठीत घट्ट धरला होता. हंगामाचं काम गेलं तर तिच्या घरी काय होईल, हे तिला दिवाणजींपेक्षा जास्त कळत होतं. बाया उभ्याच होत्या. कोणी दिवाणजींकडं बघे, कोणी तिच्याकडं.

तेवढ्यात कचरा निवडणारी जमनी लंगडत आली. तिला रेच्याशी काही देणंघेणं नव्हतं. अंगणातलं तिचं काम कुणी थांबवलं नव्हतं. ती हंसाबाईच्या पायाशी येऊन जमिनीवर बसली. पाय लांब केला. मग शकुबाई बसली. मग साऱ्याच.

गाडीवाले बोंबा मारू लागले. सदाशिवराव नावाचे एक कास्तकार गाडीवरून उतरून तावातावानं इंजिनखोलीत आले. "मिस्त्री, कायचा खेळ लावला हो?"

"खेळ नाही बापू. तार कोठीतरी तुटली," मारोतराव म्हणाले. त्यांनी तारेचा एक तुकडा घेऊन सेल थेट मला जोडले होते. मी खणखणीत वाजले होते. "घंटी चांगली. सेल चांगले. म्हंजे दोष वाटंत हाय. पन तार तर वरून सगळी सारखीच दिसते. लवकर पाह्यजे असन तर ती शिडी धरा."

सदाशिवराव जरा घुटमळले, आणि त्यांनी शिडी धरली.

हंसाबाई शिडीवर चढली. मिस्त्रीचा गुडघा दुखत होता. खालून ते सांगत होते तसं तिनं खोलीच्या कोपऱ्याशी दोन्ही तारांवरचं सूत थोडं थोडं खरवडलं.

"आता त्या दोन तारा कायनंतरी जोड. इथपर्यंत वाट साबूत असन तर घंटी वाजन."

"कायनं जोडू?"

"कोनताबी धातू."

तिनं हातातलं चांदीचं कडं काढलं आणि दोन्ही तारांवर आडवं टेकवलं. चांदीसारखी वाट विजेला दुसरी नाही. मी वाजले! बसलेल्या बायांत एकच गलका झाला.

शिडी पुढं सरकली, भिंतीच्या मध्यावर. पुन्हा खरवडणं, पुन्हा कडं. मी वाजले. म्हणजे अर्धी वाट निर्दोष. शिडी आणखी पुढं गेली, पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत. कडं टेकलं आणि मी गप्प.

"सापडलं!" मारोतराव ओरडले. "मधातल्या अन् या कोपऱ्याच्या दरम्यान हाय. हात फिरवत ये."

टिनाच्या पत्र्याची एक सुटी कड वाऱ्यानं हलून हलून तार एकाच जागी वाकवत होती. सुताचा अंगरखा जसाच्या तसा. आतली तांब्याची तार तेवढी मोडलेली. हंसाबाईनं तार वाकवली तेव्हा त्याच जागी ती चिंधीसारखी लुळी पडली. तिनं दोन्ही टोकं चाकूनं चकचकीत घासली, घट्ट पीळ दिला, तिच्यावर आणि खरवडलेल्या जागांवर कापडी पट्टी गुंडाळली आणि ती कड दगडानं ठोकून मागं वळवली. मग खाली उतरून, आत जाऊन, बटन दाबलं.

मी त्या दिवशी किती वेळ वाजले कोण जाणे. मारोतरावांनी भगदाडातून हात बाहेर काढून हलवला, पट्टे चढले, बाया बसल्या. सदाशिवराव आपल्या गाडीकडं जाताना दिवाणजींना म्हणाले, "त्या बाईचं काम बंद कराल तर आमचा कापूस दुसऱ्या जिनात जाईन, सांगून ठेवतो." हंसाबाई दुसऱ्या दिवशी आली, आणि तिला कोणी अडवलं नाही.

फाल्गुन लागला. उन्हं तापली. दुपारी जमनी माठातलं पाणी घेऊन दाराशी यायची, आणि बाया उठून उंबऱ्यापाशी येऊन पिऊन जायच्या. एका दुपारी शकुबाई पाणी पिऊन परत जागेवर बसत होती. वळताना तिचा पदर सुटला, लाटेवर गेला, आणि लाटेनं तो गुंडाळायला सुरुवात केली. मानेभोवतीचा पदर. तिला ओरडताही आलं नाही. हंसाबाई दुसऱ्या टोकाला पाठमोरी होती. कुणाचंच लक्ष नव्हतं.

दाराशी उभ्या जमनीनं ते पाहिलं. तिच्या हातातला लोटा खाली पडला. ज्या उंबऱ्यावर ती तीन वर्षं थबकत आली होती, तो ओलांडून, तो पाय ओढत, ती आत शिरली आणि भिंतीवरच्या बटनावर तिनं अख्खा तळवा दाबला.

मी ओरडले. अंगातलं सगळं बळ काढून ओरडले. मारोतरावांच्या ओठातली विडी गळाली, त्यांनी दांडा ओढून मोठा पट्टा मोकळ्या चाकावर सारला, आणि लाटेला मिळणारा इंजिनाचा जोर तुटला. भिंतीपलीकडं लाट मंदावली, कुरकुरली आणि थांबली.

शकुबाईच्या मानेवर लाल वळ उठला होता. बायांनी पदर कापला, तिला कापसाच्या ढिगावर निजवलं. ती खोकली, मग मोठ्यानं रडू लागली. तो रडण्याचा आवाज सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला, कारण रेचे बंद होते. पण मी बंद नव्हते.

मी वाजतच होते. जमनीचा हात बटनावरून निघत नव्हता. मिस्त्री पलीकडून ओरडत होते, "थांबलं, थांबलं!" तिला ऐकू जात नव्हतं. बरणीतले सेल एवढं सलग काम करायला बनलेले नसतात, ते थकतात. माझा आवाज बसत चालला, टर्रर्रची टक्‌टक् झाली, तरी मी थांबले नाही. तिचा हात होता तोवर मला थांबायचं नव्हतं.

हंसाबाई तिच्याजवळ गेली. तिनं जमनीच्या हातावर हात ठेवला. "सोड आता जमने. थांबलं सारं."

"थांबलं?"

"थांबलं. शकू हाय. रडून राह्यली, ऐक."

जमनीनं हात उचलला आणि मी गप्प झाले. मग तिनं खाली पाहिलं, आपण कुठं उभ्या आहोत ते पाहिलं, आणि भिंतीला टेकून हळूच बसली. त्या संध्याकाळी शेठजी स्वतः इंजिनखोलीत आले. माझ्यावरची धूळ त्यांनी आपल्या उपरण्यानं पुसली. सकाळपर्यंत सेलही विसावा घेऊन ताजेतवाने झाले होते.

पुढच्या हंगामात जमनी आत येऊन दाराजवळच्या रेच्यावर बसू लागली.

आणखी दोन वर्षांनी बोरीत खांब आले. तेलाचं इंजिन निघालं आणि विजेची मोटर बसली. ती बंद करायचं लाल बटन बायांच्या हाताशी, दोन्ही दारांत बसवलं गेलं. तिथं मात्र हंसाबाईला वाद घालावा लागला नाही. मोटर तिथल्या तिथं थांबत असे. माझी गरज उरली नव्हती. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण वाघीण कामाला आली तर शेळीनं रुसू नये.

इंजिन गेलं तसे मारोतराव मारेगावच्या एका जिनात लागले. तिथं अजून तेलाचंच इंजिन होतं. त्यांनी शेठजींपाशी मला मागितलं आणि हंसाबाईला म्हणाले, "चल दोन दिवस. तार मी लावून देतो, पन तथच्या बायाईले तूच सांग."

मला फडक्यात गुंडाळून हंसाबाई एस.टी.त मांडीवर घेऊन बसली. यवतमाळला गाडी बदलली. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय वं बाई त्याच्यात?" ती म्हणाली, "आमच्या जिनातली मोठी बाई हाय."

मारेगावला तारा लागल्या, चार सेल जुंपले, दोन बटनं दोन फाट्यांवर बसली. मिस्त्री या खेपेला चुकले नाहीत. बायांनी भोवती घोळका केला. हंसाबाईनं त्यांना सेल दाखवले, सूत खरवडून तार जोडायला शिकवली, जीभ लावून दाखवली. मग रोज सकाळी आधी बटन, मग काम, हे सांगितलं.

मैनाबाई नावाची एक सडपातळ बाई मागं उभी होती. तिनं विचारलं, "अन् एखांद्या दिवशी नाही वाजली तर?"

"तर बसाचं."

"मालक काढून टाकन ना."

"एकीले काढन," हंसाबाई म्हणाली. "साऱ्याईले काढन तर रेचे कोन चालवन? तू एकटी नोको बसजो. साऱ्या बसजा."

मैनाबाईनं मागं वळून आपल्या बायांकडं एकेक करून पाहिलं. मग पुढं आली आणि तिनं बटन दाबलं.

हंसाबाई दुसऱ्या दिवशी बोरीला परतली. जाताना तिनं माझ्या वाटीवर बोटानं एकदा टिचकी मारली. तिची माझी भेट पुन्हा झालेली नाही.

मी अजून मारेगावच्या या इंजिनखोलीतच आहे. पितळ काळवंडलं आहे, हातोड्याचं तोंड एका अंगानं झिजलं आहे. माझं मागणं फार नाही. माझ्या स्क्रूच्या टोकावर काजळी धरते, ती अधूनमधून कुणीतरी कागदानं घासून काढावी. आणि मी बरेच दिवस गप्प दिसले म्हणून मला कुणी निकामी समजू नये.

आणखी बोलले असते. पण बाया आल्या आहेत, मिस्त्रीनं इंजिनाचं चाक हातात धरलं आहे, आणि भिंतीपलीकडं मैनाबाईच्या बांगड्या वाजल्या. तिचं बोट आता बटनावर येईल. जरा थांबा, मला वाजू द्या.